युसुफचाचांची वाटणी

युसुफ परकारांनी मला पहिला प्रश्न विचारला तेव्हा माझ्या एका हातात दुधी होता आणि दुसऱ्या हातात मुलीचा हात. नव्वदच्या दशकात आम्ही मस्कतला नवीन होतो. अल् घुब्राला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि दर शुक्रवारी सकाळी आठवड्याची भाजी आणायला मवालेहच्या मार्केटात जायचो. मी बायकोला मराठीतून दुधीबद्दल काहीतरी विचारलं, ते ऐकून गाळ्यातल्या उंच, हडकुळ्या माणसाने मान वर केली. भाव सांगायचा सोडून त्याने माझं गाव विचारलं. संगमेश्वर म्हटल्यावर तो खूश झाला आणि पुढे वाकून म्हणाला, "मग सांगा सुर्वेशेठ, बापानं तुमाला काय दिलं?"

सुर्वे हे आडनाव मी नुकतंच सांगितलं होतं. शेठ त्यांनी पदरचं जोडलं. पगारी माणसाला ते नेहमी शेठ म्हणायचे आणि मार्केटातल्या खऱ्या शेठ लोकांना नुसत्या नावाने हाक मारायचे.

मी जरा विचार करून म्हणालो, संस्कार दिले. त्यांनी दुधी काट्यावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ते इथल्या बँकेत ठेवून घेतात का?"

मग उलट चौकशी सुरू झाली. मी बापाला काय दिलं? मी सांगितलं की घराचं छप्पर नवं करून दिलं, धाकट्या बहिणीचं लग्न केलं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं, आता विहिरीचं चाललंय. "म्हणजे तुमीच बापाचे बाप झालात," असा निकाल देऊन त्यांनी पिशवीत फुकटची कोथिंबीर टाकली. बायको गाडीत बसल्यावर म्हणाली की माणूस आगाऊ आहे, पण कोथिंबीर चांगली आहे. पुढच्या शुक्रवारी तिनेच त्या गाळ्याकडे गाडी वळवायला सांगितली.

चाचा मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. दाढीला मेंदी लावायचे, पण अर्ध्यात कंटाळायचे, त्यामुळे दाढी खाली लाल आणि वर पांढरी असायची. डोक्यावर ओमानी भरतकामाची टोपी, खिशाला दोन-तीन पेनं, त्यातलं एकही चालायचं नाही. कोणी सही करायला पेन मागितलं की एकेक करून सगळी काढून द्यायचे आणि तो माणूस कागदावर रेघोट्या ओढून कसा वैतागतो ते बघायचे. अरबी त्यांना कामापुरती यायची, हिंदी त्याहून थोडी बरी. दोन्हींत अडलं की ते सरळ कोकणातलं मराठी बोलायचे, आणि नवल म्हणजे समोरच्याला ते कळायचं.

त्यांच्या त्या प्रश्नातून कोणीच सुटलं नाही. केरळच्या ड्रायव्हरला विचारलं, गोव्याच्या नर्सबाईंना विचारलं, कबुतरांसाठी ज्वारी घेऊन जाणाऱ्या एका इराणी म्हाताऱ्यालाही विचारलं. कोणी उलटून त्यांनाच विचारलं की उत्तर दर वेळी वेगळं. एकदा म्हणाले, "उंची दिली." एकदा म्हणाले, होडी दिली होती, ती बुडाली. एकदा म्हणाले, लग्नाच्या सहा बहिणी दिल्या. पुढे खूप वर्षांनी मला कळलं की ही तिन्ही उत्तरं खरी होती.

एका मे महिन्यात मी आमच्या ऑफिसातल्या इंग्रज मॅनेजरला, मार्टिनला, हापूस दाखवायला गाळ्यावर नेलं. मी एका बांधकाम कंपनीत हिशेबखात्यात होतो. त्या काळच्या बऱ्याच कंपन्यांत होता तोच रिवाज आमच्याकडेही होता: पगार कामावर कमी आणि पासपोर्टवर जास्त ठरायचा. एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकसारखीच ड्रॉइंग काढणारा गोरा आणि आमचा साताऱ्याचा जाधव, दोघांच्या पगारांत इतकं अंतर होतं की पगाराच्या दिवशी मी जाधवच्या नजरेला नजर देत नसे. मार्टिन मात्र माणूस सरळ होता. चाचांनी त्याला आंबा कापून दिला आणि तोडक्या इंग्रजीत आपला प्रश्न टाकला.

मार्टिन म्हणाला की वडिलांनी काहीच दिलं नाही, सगळं स्वतःच्या मेहनतीवर. चाचांनी मान डोलावली. मग अगदी साधेपणाने विचारलं की पहिलं घर कधी घेतलं? त्याने सांगितलं, चोविसाव्या वर्षी. चाचा म्हणाले, वा, पगार मोठा असणार. नाही, मार्टिन म्हणाला, आजीने थोडे पैसे ठेवले होते, त्यातून सुरुवातीची रक्कम भरली. आणि शिक्षण? ते अर्थात वडिलांनी केलं. गाडी? जुनी काकांची मिळाली होती. चाचा प्रत्येक उत्तराला आंब्याची एकेक फोड पुढे करत होते. मार्टिन खाता खाता थांबला, स्वतःशीच हसला आणि म्हणाला की हे सगळं त्याने कधी मोजलंच नव्हतं. चाचांनी पेटी बांधली, वर दोन आंबे जास्तीचे ठेवले आणि ते "आजीसाठी" असल्याचं सांगितलं.

तो गेल्यावर ते मला म्हणाले, "सुर्वेशेठ, यांच्याकडे पैसा डोंगरावरनं खाली येतो, पाण्यासारखा. आपल्याकडे तो खालनं वर चढवावा लागतो. बादलीनं. आणि बादली कोणाच्या हातात?" त्यांनी बोट माझ्या छातीवर टेकवलं, मग स्वतःच्या.

एवढं मोठं बोलून झालं म्हणून ते गंभीर राहिले असतील, तर तसं नाही. दुसऱ्या मिनिटाला ते एका बाईंना कलिंगड ठोकून दाखवत होते आणि आतून कोण बोलतंय ते ऐका, असं सांगत होते.

बादलीचा त्यांना स्वतःला चांगलाच अनुभव होता. गावाला निघाले की भाऊ, बहिणी, मेहुणे, त्यांची मुलं असा सगळा गोतावळा भेटवस्तूंकडे डोळे लावून बसायचा. कोणाला जड मिळालं, कोणाला हलकं, यावरून पुढची सुट्टी येईपर्यंत अबोले चालायचे. एका वर्षी चाचांनी तोडगा काढला. मस्कतच्या रुवी भागातल्या एका दुकानातून त्यांनी वाघाचं चित्र असलेली जाड ब्लँकेटं घेतली, सगळी एकाच रंगाची, एकाच मापाची, आणि गावातल्या प्रत्येक घरी एकेक दिलं. आता कोण काय बोलणार? गावात पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांची धाकटी भावजय ब्लँकेट घेऊन परत आली. तिच्या वाघाला मिशा कमी होत्या. चाचांनी सांगितलं की ती वाघीण आहे, मुद्दाम तुझ्यासाठी निवडली. भावजय फुशारकी मारत परत गेली, आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्या बायका आपल्याला वाघ का म्हणून भांडायला आल्या. ही गोष्ट ते डोळे पुसत सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे की सारखं वाटणं हे अल्लाचं काम आहे, माणसाने फक्त प्रयत्न करावा.

माझ्या मुलीशी त्यांचं विशेष जमायचं. ती इंडियन स्कूलमधली, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलणारी. मराठी बोलायची तेव्हा शब्द चाचपत, पाय भिजू नयेत म्हणून दगडावरून दगडावर उड्या मारल्यासारखी. एकदा तिने त्यांना विचारलं, "चाचा, ही दुकान तुमचा आहे?" चाचा मला म्हणाले की पोरीचं व्याकरण चुकलं, पण प्रश्न बरोबर आहे. मग तिला सांगितलं की दुकान माझं आहे, पण मी दुकानाचा नाही. तिला ते कळलं नाही. मलाही तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

कागदावर तो गाळा सालेम नावाच्या एका ओमानी गृहस्थांचा होता. परदेशी माणसाला आपल्या नावावर दुकान ठेवता येत नसे. परवाना ओमानी माणसाच्या नावाचा, तो अर्बाब, म्हणजे मालक. चाचा त्यांच्या व्हिसावर विक्रेता म्हणून आलेले. भांडवल चाचांचं, मेहनत चाचांची, गिऱ्हाईक चाचांचं. अर्बाबला महिन्याची ठरलेली रक्कम पोचती व्हायची. तो खाबुऱ्याला राहायचा, तिथे त्याची खजुराची बाग होती. महिन्यातून एकदा मवालेहला यायचा, खुर्ची टाकून कॉफी प्यायचा आणि चाचांना सांगायचा की टोमॅटो महाग लावलेत. चाचा म्हणायचे, "मी माज्याच दुकानात नोकर हाय, पण मालक मी ठेवलाय." दोघांत कधी कागद झाला नाही. पहिल्या वर्षी अर्बाबने हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं होतं, त्यावर इतकी वर्षं चालली होती.

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात सालेम अर्बाब वारला. चाचा खाबुऱ्याला गेले आणि तीन दिवस दुखवट्याच्या मांडवात इतर माणसांबरोबर बसून राहिले. परत आले तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं नाही. अर्बाबच्या मागे बायको, दोन मुलगे आणि चार मुली. त्याच्या नावावरचं जे जे होतं त्याची आता वाटणी होणार होती: जमिनी, बाग, गाड्या. आणि भाजीचा गाळा.

अल् घुब्राच्या आमच्या मराठी मंडळींत सल्ल्यांचा पूर आला. कोणी म्हणालं वकील बघा. जाधव म्हणाला, गुपचूप माल विकून टाका आणि विमान पकडा. एका गृहस्थांनी तर आपण कोर्टात दुभाष्याचं काम करू शकतो, असं सांगितलं. त्यांना अरबीतलं यल्ला, म्हणजे चला, आणि खलास सोडून काही येत नव्हतं. चाचांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाला एकेक अननस दिला.

अर्बाबचा थोरला मुलगा खालिद एका सरकारी कचेरीत होता. पांढराशुभ्र पायघोळ डिशडाशा, उंची अत्तर, हातात दोन मोबाईल. तो गाळ्यावर आला आणि अदबीने म्हणाला की वाटणी होईपर्यंत दुकान मी बघेन, तुम्ही काम चालू ठेवा. इथे चाचांच्या अंगातला खोडकरपणा जागा झाला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून खालिदच्या हातात दिला, आपली खुर्ची त्याला दिली, स्वतः एका उलट्या क्रेटवर बसले आणि म्हणाले, "अर्बाब, काय करू ते सांगा."

त्यांचा बेत साधा होता. ते मला समजावून सांगताना हात चोळत होते. भाजीचा धंदा म्हणजे उजाडायच्या आत लिलावाला उभं राहणं. पोरगा दोन दिवस टिकेल. सडका माल उचलेल, नाहीतर महाग घेईल, मग स्वतःच किल्ल्या परत करायला येईल. तोवर आपण नोकरासारखं नोकर व्हायचं. सांगेल तेवढंच करायचं, त्याहून काडीचंही जास्त नाही. गिऱ्हाइकांनी भाव विचारला तरी मालकाकडे बोट दाखवायचं. मी त्या शुक्रवारी गेलो तर खरंच तसं चाललं होतं. मी वांग्यांचा भाव विचारला, चाचांनी नम्रपणे खालिदकडे बघितलं, आणि जाता जाता मला डोळा मारला.

पण बेत फसला. पोरगा टिकला.

नुसता टिकला नाही, कमाई करू लागला. लिलावाला बातिना किनाऱ्यावरचे जे शेतकरी माल आणायचे त्यांतले निम्मे त्याच्या आईच्या नात्यातले निघाले. ज्या टोमॅटोसाठी चाचा वर्षानुवर्षं घासाघीस करत आले होते, तो खालिदला "तुझ्या बापाचं मीठ खाल्लंय" म्हणून आधी आणि उधारीवर मिळू लागला. त्याचा ट्रक दारापर्यंत यायचा, चाचांचा लांब उभा राहायचा. नगरपालिकेचा माणूस तपासणीला आला तर चाचांच्या वेळी काट्यापासून टोपीपर्यंत सगळं तपासायचा. खालिदला त्याने मिठी मारली, दोघं एका शाळेतले होते. दोन हॉटेलांची कामं तर नुसत्या फोनवर मिळाली. गाळा तोच, काटा तोच, वांगी तीच.

चाचा उलट्या क्रेटवर बसून हे सगळं बघत होते. मी शेजारी उभा होतो. ते मला म्हणाले, "सुर्वेशेठ, मला वाटायचं मी हुशार हाय म्हणून दुकान चालतं. हा तर माझ्याहून कमी हुशार हाय, आणि जास्त चालवतो." मग म्हणाले, "बापानं याला नाव दिलं. ते काट्यावर ठेवता येत नाय, पण वजन त्याचंच हाय."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. ते मला कोथिंबीर द्यायचीही विसरले, आणि माझ्या बायकोने ती विकत घेतली.

यातून सुटका झाली ती कोणाच्या हुशारीने नाही. खालिदला धंदा जमला, पण पहाट मानवली नाही. ऑफिसात तो टेबलावर डोकं टेकून झोपू लागला. अत्तर कितीही लावलं तरी कांद्याचा वास जाईना, आणि त्याचं लग्न ठरायचं चाललेलं. एक दिवस त्याची आई गाडीतून मार्केटात उतरली. काळा अबाया, नाकावरून खाली आलेला बातिनातल्या बायकांचा मुखवटा, हातात काठी. मुलाला उठवून ती खुर्चीत बसली. चाचांना तिने विचारलं, माझा नवरा इथे बसून काय करायचा? चाचांनी खरं ते सांगितलं, कॉफी प्यायचा आणि टोमॅटो महाग आहे म्हणायचा. मुखवट्याआड ती हसली असं चाचा म्हणायचे. मला तेवढं दिसलं नाही.

घरी गेल्यावर तिने मुलांना सांगितलं की शरियतप्रमाणे मिळणारा विधवेचा आठवा हिस्सा मला जमिनीत नको, मला भाजीचा गाळा द्या. मुलांना वाटलं आई दुःखात भोळी झाली. रस्त्याकडेच्या जमिनी सोडून वास मारणारा गाळा मागते आहे. त्यांनी लगेच कबूल केलं. परवाना तिच्या नावावर झाला, किल्ल्या चाचांकडे परत आल्या, आणि चाचांनी मार्केटभर जाहीर केलं की आपल्याला आता अर्बाब नाही, अर्बाबीण आहे.

अर्बाबीणबाई नवऱ्यासारखी नव्हती. पहिल्याच महिन्यात तिने आपली रक्कम वाढवून घेतली. नात्यातल्या शेतकऱ्यांना मात्र ताकीद दिली की माल खालिदला देत होतात तसाच परकारला द्यायचा, कारण दुकान माझं आहे. दर महिन्याला हिशेब तोंडी घ्यायची आणि चाचांनी एखादी गोष्ट गाळली की काठी जमिनीवर आपटायची. चाचा माझ्याकडे तक्रार करायचे की म्हाताऱ्याने मला इतकी वर्षं लाडावून ठेवलं. पण तक्रार करताना त्यांचा चेहरा खुललेला असायचा. धंदा पूर्वी कधी चालला नव्हता तसा चालला. ती मिळकतीतला भाग चारही मुलींना सारखा पाठवते, मुलग्यांना मागितल्याशिवाय काही देत नाही, हेही त्यांनीच मला सांगितलं. ते सांगताना त्यांच्या मनात काहीतरी शिजत होतं.

काही वर्षांनी गुडघे बोलू लागले तेव्हा त्यांनी कायमचं गावी जायचं ठरवलं. अर्बाबीणबाईला दुकानाच्या मोबदल्यात काही देणं कायद्याने भाग नव्हतं. तरी एक अख्खी दुपार घासाघीस करून तिने चाचांना रक्कम दिली. चाचा म्हणाले की आपण हरलो, तिने सांगितलं की ती हरली. त्या पैशांची आणि गावच्या आंब्याच्या कलमांची वाटणी आपण जिवंतपणीच करणार, असं त्यांनी जाहीर केलं. मेल्यावर वाटणी झाली तर मजा बघायला मिळत नाही, हे त्यांचं कारण. एक मुलगा इरफान, दुबईला नोकरीत. तीन मुली: थोरली पनवेलला, मधली शबाना चिपळूणला शाळेत शिकवणारी, धाकटी कुवेतला. चौघांना त्यांनी मस्कतला बोलावलं, आणि बैठक ठेवली आमच्या घरी. भावंडांच्या वाटणीत तटस्थ जागा फक्त शेजाऱ्याची, असं ते म्हणाले. आम्ही शेजारीही नव्हतो. बायकोने कांदेपोहे केले.

चाचा सोफ्यावर मधोमध बसले. चारही मुलांकडे एकेकदा बघून घेतलं. ते अगदी रंगात होते. मरणानंतर मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, हा अल्लाचा हुकूम, त्यात आपण पडत नाही, असं त्यांनी सांगितलं. पण जिवंतपणी दिलेली भेट सगळ्या मुलांना सारखी द्यावी, हे मौलवींना विचारून आलोय. म्हणून चौघांना सारखं. मरताना माझ्याकडे फक्त वाघाचं एक ब्लँकेट असेल, त्याचे वाटे तुम्ही हुकमाप्रमाणे करा. मुली हसल्या. चाचा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते.

इरफान हसला नाही. पोह्यांची बशी त्याने खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाला, "अब्बा, सारखं द्या, मला चालेल. पण तिघींची लग्नं कोणाच्या पगारानं झाली, तेवढं इथं बोला. मला पैसे नकोत. नुसतं बोला."

चाचांनी खिशातलं पेन काढलं, उगाच उघडलं, बंद केलं. जगाला त्यांनी विचारलं होतं कोणाला काय मिळालं, पण स्वतःच्या पोराच्या हातातली बादली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. किंवा पाहिली असेल, आणि म्हणून तर ते इतका विनोद करत असतील. मला सांगता येत नाही.

शेवटी बोलली ती शबाना. तिने शांतपणे सांगितलं की दादाने खर्च केलेलं आधी त्याच्यासाठी बाजूला काढा, उरलेल्याचे चार सारखे भाग करा. थोरलीने मान हलवली. धाकटी रडत होती, पण तीही हो म्हणाली. चाचा उठले, इरफानजवळ गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुज्याच पगारानं झाली. तिघींची." एवढंच. मग नाक ओढत त्यांनी माझ्या बायकोला विचारलं की पोह्यांत कोथिंबीर कोणाच्या गाळ्यावरची आहे, इतकी वाईट कशी. सगळे एकदम हसले, इरफानसुद्धा.

कलमांची वाटणी मात्र सरळ पार पडली नाही. कोणती झाडं कोणाची यावरून तिघी बहिणी आमच्या बाल्कनीत दुपारभर भांडल्या, आणि चाचा खुर्ची ओढून मधे बसून ऐकत राहिले. इतकं सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर हापूसच्या मोसमातही बघितलं नव्हतं.

त्यांची गाडी आधीच विकली गेली होती, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मीच त्यांना खाबुऱ्याला अर्बाबीणबाईचा निरोप घ्यायला घेऊन गेलो. तिने कॉफी दिली, हलवा दिला, आणि मग काठी टेकत आम्हाला बागेत नेलं. परदेशी माणसाला जमीन देता येत नाही, ती म्हणाली, पण झाड देता येतं. एका खजुराच्या झाडावर तिने काठी ठोकली. हे परकारचं. दर वर्षी जो कोणी हिंदुस्थानात जाईल त्याच्याबरोबर फळ पाठवीन, मी नसले तर माझ्या मुली पाठवतील.

मला भरून आलं. चाचांनी मात्र झाडाभोवती सावकाश एक फेरी मारली, बुंध्याला हात लावला, वर बघितलं आणि जात कोणती ते विचारलं. ती म्हणाली, खलास. त्या नावाचा खजूर असतो, चांगला असतो. चाचांनी हात पसरले आणि आपल्या त्या तीन भाषांच्या मिसळीत सांगितलं की दुकान खलास, गुडघे खलास, आता झाडही खलासच देताय का? मला ते पलीकडचं द्या, फर्द जातीचं, त्याला घड जास्त आहेत.

तिने काठी आपटली. भेट दिलेल्या वस्तूत घासाघीस करणारा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पलीकडचं झाड आपल्या थोरल्या मुलीचं आहे, असं ती म्हणाली. मग मुलीला बोलवा, चाचा म्हणाले.

मी गाडी सावलीत आणायला निघालो. वळून पाहिलं तर ती दोघं दोन झाडांच्या मधे उभी होती. तिची काठी एका शेंड्याकडे, त्यांचा हात दुसऱ्याकडे. घराच्या दारातून थोरली मुलगी ओढणी सावरत येत होती, आणि दोघंही तिला एकदमच काहीतरी सांगू लागली होती.